रीडिंग भटकतंय? आधी कॉमन बघ

मित्रा, पीएलसीत (मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरमध्ये) सेन्सरचा आकडा भटकतोय म्हणून लगेच ॲनलॉग इनपुट कार्ड, म्हणजे सेन्सरचा सिग्नल वाचणारं कार्ड, बदलायला जाऊ नकोस. भोसरी-चाकण पट्ट्यात चांगली कार्डं उगाच बदललेली मी पुष्कळ पाहिलीत. दोष बहुतेक वेळा वायरिंगमध्येच निघतो.

सेन्सरची वायर काढ, मगच कार्डावरच्या त्याच्या व्होल्टेज चॅनलचे (इनपुटचे) प्लस-मायनस टर्मिनलवर छोट्या वायरने शॉर्ट कर. आकडा शून्यावर ठाम राहिला तर कार्डावरचा संशय बराच कमी होतो. आता सेन्सर परत जोड आणि मल्टिमीटरने टर्मिनलवरच मोज. मीटर स्थिर, पण पीएलसीतला आकडा सरकतोय? मग सेन्सरच्या सप्लायचा मायनस आणि कार्डाचा कॉमन (सिग्नल ज्याच्या तुलनेत मोजला जातो तो सामाईक मायनस) एकमेकांना जोडलाय का बघ. दोन वेगळे २४ व्होल्ट सप्लाय असले की हे हमखास राहून जातं, इनपुट अधांतरी लटकतो. जोडण्याआधी कार्डाचं मॅन्युअल मात्र नक्की वाच, काही कार्डांत चॅनल आयसोलेटेड, म्हणजे विजेच्या दृष्टीने वेगळे ठेवलेले, असतात.

आकडा सरकत नसून थरथरत असेल तर व्हीएफडीकडे (मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हकडे) बघ. मोटरची केबल आणि सिग्नलची केबल एकाच ट्रेमधून नेऊ नकोस. शील्ड (सिग्नल केबलमधलं धातूचं आवरण) फक्त पॅनलच्या टोकाला अर्थ कर.

केबल लांबची असेल तर माझं मत स्पष्ट आहे: ०-१० व्होल्टचा सिग्नल देणारा सेन्सर सोड, ४-२० मिलिॲम्पिअरचा, म्हणजे करंटने सिग्नल देणारा, सेन्सर घे.