बऱ्हाणपूरची सराई पाहायला पहिल्यांदाच जातोयस, तर हे ऐक

भाऊ, आधी एक गोष्ट मनातून काढून टाक. सराई म्हणजे राजवाडा नव्हे. नक्षी शोधत गेलास तर दहा मिनिटांत परत फिरशील. ती वाटसरूंची मुक्कामाची जागा. चारही बाजूंनी भिंत, तिला लागून आतल्या अंगाने कमानीच्या खोल्या, मधे मोकळं अंगण, आणि रात्री बंद होणारा मोठा दरवाजा. उंट-बैलांसकट अख्खा तांडा आत निर्धास्त झोपायचा.

बऱ्हाणपूर आज मध्य प्रदेशात असलं, तरी फारुकी सुलतानांच्या काळापासून खान्देशची राजधानी तीच होती. सुरतेहून आग्र्याला जाणारा माल इथूनच जायचा. 1615 च्या नोव्हेंबरात इंग्रज राजदूत टॉमस रो इथल्या एका सराईत उतरला होता. खोल्या भट्टीएवढ्या आहेत, असं त्याने रोजनिशीत चिडून लिहिलंय. तू मात्र अशा एखाद्या खोलीत वाकून शीर आणि दोन मिनिटं गप्प बस. मला सराई खरी कळली ती तिथेच.

भुसावळहून खंडव्याकडची गाडी धर. हिवाळ्यात जा, आपल्याकडचं ऊन तुला माहीतच आहे. बॅटरी ने. आसपास लोक राहतात. विचारल्याशिवाय कुणाच्या दाराचे फोटो काढू नकोस. जामा मशिदीतला संस्कृत शिलालेखही बघ, तो चुकवणं मला पटणार नाही. आणि निघताना मावा जिलेबी, गरमच खा.