रद्द झालेल्या न्यायालयातील दाव्यांचे काय? : कायद्याच्या एका विद्यार्थिनीस पत्र

सोलापूर

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

मूट कोर्टच्या, म्हणजे विद्यार्थ्यांच्या अभिरूप न्यायालयाच्या, स्पर्धेसाठी तू तयार केलेला विधेयकाचा मसुदा आणि सोबतचे टिपण मी सावकाश वाचले. एका काल्पनिक संघराज्यातील घटकराज्यांची सर्व स्थानिक न्यायालये रद्द करावीत आणि त्यांच्या जागी एकच संघीय न्यायव्यवस्था उभी करावी, अशी तुझी मांडणी आहे. कायद्याची एकरूपता, न्यायाधीशांचे स्वातंत्र्य आणि स्थानिक वजनदारांच्या दबावापासून सुटका ही तिची कारणे तू नीट मांडली आहेस आणि त्यांपैकी एकही पोकळ नाही. परंतु नेमणुका, वेतन आणि अधिकारपदे यांवर पानेच्या पाने खर्च केल्यावर तुझे विधेयक शेवटी एका ओळीत सांगते की, कायदा अमलात येताच सर्व स्थानिक न्यायालये संपुष्टात येतील. मला जे सांगायचे आहे ते बहुतांशी या ओळीविषयी आहे, कारण न्यायालय बदलण्याच्या कायद्याचा कस त्याच्या संक्रमणकालीन, म्हणजे जुन्याकडून नव्याकडे जातानाच्या, तरतुदींत लागतो.

तुझ्या कल्पनेच्या सर्वांत जवळचे उदाहरण संयुक्त अरब अमिरातीचे आहे आणि तुझ्या टिपणात नेमके तेच नाही. तेथील 1971 च्या राज्यघटनेने संघाचे सर्वोच्च न्यायालय आणि प्राथमिक न्यायालये यांची तरतूद केली. मात्र जे विषय संघाकडे दिलेले नाहीत ते स्थानिक न्यायालयांकडेच राहतील, असेही तिच्या कलम 104 मध्ये लिहिले. पुढच्याच कलमात स्थानिक न्यायालयांची अधिकारिता (दावे चालवण्याचा अधिकार), संपूर्ण किंवा अंशतः, संघाकडे सोपवण्याची सोय आहे, पण ती संबंधित अमिरातीने स्वतः विनंती केली तर. त्यानुसार 1978 च्या संघीय कायदा क्रमांक 6 ने अबुधाबी, शारजा, अजमान आणि फुजैरा येथील अधिकारिता संघीय न्यायालयांकडे गेली. उम्म अल कुवैन नंतर सामील झाली, तर दुबई आणि रास अल खैमा यांनी आपली न्यायालये आपल्याच हाती ठेवली. पुढे 2006 मध्ये अबुधाबीने कायदा करून स्वतःचे न्यायखाते उभारले आणि आपली न्यायालये परत घेतली. एका राजधानीच्या अमिरातीने दिलेले परत मागावे आणि तरीही संघ मोडू नये, हे त्या विनंतीच्या अटीमुळे शक्य झाले, असे माझे मत आहे. तुझ्या मसुद्यात घटकराज्याला हो किंवा नाही म्हणण्याची जागाच नाही.

अमेरिकेचा दाखला तू दिला आहेस, पण तो तुझ्या बाजूचा नाही. तेथे 1787 च्या घटना परिषदेत कनिष्ठ संघीय न्यायालये असावीत की नाहीत यावर एकमत होईना, म्हणून तो निर्णय काँग्रेसवर सोपवण्यात आला. 24 सप्टेंबर 1789 च्या न्यायव्यवस्था कायद्याने 13 जिल्हा न्यायालये स्थापन केली, पण राज्यांची न्यायालये जागची हलली नाहीत. संघीय कायद्यातून उद्भवणारे दावे सर्वसाधारणपणे संघीय न्यायालयात लावण्याची मुभा 1875 पर्यंत कायमस्वरूपी मिळाली नव्हती. म्हणजे तेथे संघीय न्यायालय शेजारी येऊन बसले, जुन्याच्या जागी आले नाही. हा भेद तोंडी युक्तिवादात विरोधी पक्ष पहिल्याच प्रश्नात काढील.

आपल्या देशाकडे येऊ. 1935 च्या भारत सरकार कायद्याखाली स्थापन झालेले फेडरल कोर्ट 1 ऑक्टोबर 1937 पासून दिल्लीत सुरू झाले. सर मॉरिस ग्वायर हे मुख्य न्यायाधीश, आणि सर शाह सुलेमान व आपले मुकुंदराव जयकर हे त्यांचे सहकारी होते. संस्थाने संघात आलीच नाहीत, त्यामुळे त्यांच्यापुरती ती अधिकारिता कागदावर राहिली. पुढे राज्यघटना आली तेव्हा मसुदाकारांनी जे केले ते तू अक्षरशः पाठ करावेस. कलम 374 ने फेडरल कोर्टाचे न्यायाधीश सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले, तेथील प्रलंबित प्रकरणे सर्वोच्च न्यायालयाकडे आली, आणि ‘ब’ वर्ग राज्यांत (पूर्वीच्या मोठ्या संस्थानांतून झालेल्या राज्यांत) प्रिव्ही कौन्सिलचे, म्हणजे शेवटच्या अपिलाचे, काम करणाऱ्या संस्थांची अधिकारिता संपवून त्यांच्यापुढील अपिलेही तेथेच वर्ग झाली. कलम 375 ने तर देशभरातील दिवाणी, फौजदारी आणि महसुली न्यायालयांना पूर्ववत काम करत राहण्यास सांगितले. वर शिखर बदलले, पण खाली एकाही तालुक्याच्या न्यायालयाचे कामकाज त्यामुळे थांबले नाही.

एवढी काळजी घेऊनही काय राहून गेले, हे आपल्या सोलापूरकरांना समजणे सोपे आहे. 1948 पूर्वी येथून ईशान्येला निघालेला माणूस तुळजापूरला पोहोचण्याआधीच निजामाच्या हद्दीत जात असे आणि आग्नेयेला अक्कलकोट हे वेगळे संस्थान होते. सोलापूरच्या पेठेतील एखाद्या व्यापाऱ्याने हद्दीपलीकडच्या ऋणकोविरुद्ध येथे हुकूमनामा (दिवाणी दाव्यातील निकालाचा आदेश) मिळवला असेल, तर दोन्ही बाजूंच्या सरकारांनी तशी सोय केलेली नसल्यास तो तेथे थेट बजावता येत नव्हता. परक्या न्यायालयाचा निवाडा म्हणून त्यावर पुन्हा दावा लावणे भाग होते. आता विचार कर की हद्द पुसली गेली, राज्यघटना एक झाली, सर्वोच्च न्यायालय एक झाले. मग जुना हुकूमनामा आपोआप सर्वत्र चालू लागला का? शितोळे विरुद्ध शंकर सरन या प्रकरणात ग्वाल्हेरच्या न्यायालयाने 1948 मध्ये एकतर्फी दिलेला हुकूमनामा अलाहाबादला बजावणीसाठी आला होता. प्रतिवादी ग्वाल्हेरचे रहिवासी नव्हते आणि त्यांनी त्या न्यायालयाची अधिकारिता मान्यही केलेली नव्हती. सर्वोच्च न्यायालयाने 1962 मध्ये ठरवले की, हुकूमनामा झाला त्या दिवशी ते न्यायालय परकेच होते आणि पुढच्या राजकीय एकीकरणाने ती उणीव भरून येत नाही. याउलट पश्चिम बंगालमधील बांकुरा येथील 1949 चा हुकूमनामा सौराष्ट्रातील मोरवीत बजावता येईल, असा निर्णय लालजी राजा प्रकरणात 1971 मध्ये लागला आणि त्यात दिवाणी प्रक्रिया संहिता 1951 मध्ये ‘ब’ वर्ग राज्यांना लागू झाल्याचा मुद्दा निर्णायक ठरला. दोन्ही निकाल मुळातून वाच. पक्षकारांना उत्तर मिळायला एक आणि दोन दशके का लागली, हे त्यांतून कळते. तुझ्या मसुद्यात जुन्या हुकूमनाम्यांच्या बजावणीविषयी एक शब्दही नाही.

अंतराचा विषय तू ‘प्रशासकीय तपशील’ म्हणून बाजूला टाकला आहेस. तसे करू नकोस. केंद्रीय कायद्याने स्थानिक न्यायालयाचे काम काढून घेण्याचा अनुभव या शहराने घेतलेला आहे, फक्त तो गाजावाजा न होता आला. 1993 च्या कायद्यानंतर बँकांच्या मोठ्या कर्जवसुलीचे दावे दिवाणी न्यायालयातून न्यायाधिकरणाकडे गेले आणि आज टॉवेल-चादरीच्या कारखानदाराला त्यासाठी पुण्याला जावे लागते. कंपनीच्या दिवाळखोरीचे प्रकरण असेल तर मुंबई गाठावी लागते. तज्ज्ञ न्यायाधिकरण असावे की नसावे हा वेगळा वाद आहे आणि मी त्याच्या विरोधात नाही. पण ज्या गावात कर्ज घेतले, माल विणला आणि वाद झाला, त्या गावातून न्यायासन उचलले गेले ही वस्तुस्थिती आहे. कोल्हापूरला 18 ऑगस्ट 2025 पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच (मुख्य ठिकाणाबाहेर बसणारे खंडपीठ) सुरू झाले आणि सोलापूरसह सहा जिल्हे त्याच्याशी जोडले गेले. तेथे न्यायालय तेच, कायदा तोच, बदलली ती फक्त बसण्याची जागा. तरीही त्यासाठी वकिलांना कित्येक वर्षे आंदोलन करावे लागले.

अंतराची किंमत जुन्या काळातही मोजली गेली आहे. पेशवाई संपल्यावर ब्रिटिश प्रशासक एल्फिन्स्टनने 1819 च्या आपल्या अहवालात पंचायत टिकवावी असे सुचवले होते आणि तिला कोणी एका फटक्यात रद्दही केले नाही. परंतु 1827 च्या नियमांनी सरकारी अदालती पक्क्या झाल्या, समन्स आणि जप्ती यांचे बळ त्यांच्याकडे गेले आणि पंचांचे महत्त्व ओसरत गेले. त्यानंतर सावकाराने दूरच्या न्यायालयात दावा लावायचा, कुणब्याने हजरच राहायचे नाही आणि एकतर्फी हुकूमनाम्यावर जमीन जायची, हा क्रम इतका रूढ झाला की 1875 चे सावकारांविरुद्धचे दंगे उसळले. शेवटी 1879 च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी गावपातळीचे मुन्सिफ (छोटे दावे ऐकणारे न्यायाधीश) आणि दाव्यापूर्वी तडजोड घडवणारे मध्यस्थ आणावे लागले. म्हणजे ज्या सरकारने न्याय वर नेला त्यालाच तो पुन्हा खाली आणणे भाग पडले. गोतसभेच्या, म्हणजे तंटे सोडवणाऱ्या जुन्या स्थानिक सभेच्या, काळी सारे आलबेल होते असे मात्र यावरून लिहू नकोस. हरलेला पक्ष दुसऱ्या थळी (न्यायस्थानी) जाऊन तोच तंटा पुन्हा उभा करी आणि निवाड्याला अंतिमता येत नसे. तुझ्या एकरूपतेच्या मुद्द्याला त्यातून खरा आधार मिळतो. जातीच्या पंचांपुढे उभे राहणाऱ्या दुर्बळाची स्थिती काय असे, हेही तू त्यात घालू शकतेस.

भाषेचे कलम तू केलेलेच नाहीस. सोलापूरच्या न्यायालयात साक्षीदाराच्या पिंजऱ्यातील माणूस मराठी बोलेल, कन्नड बोलेल, पूर्व भागातील विणकर असेल तर तेलुगू बोलेल किंवा दख्खनी वळणाची उर्दू बोलेल. संघभर बदल्या होणारा न्यायाधीश दुभाष्यामार्फत साक्ष ऐकील खरा. पण उलटतपासणीत साक्षीदार कुठे अडखळला आणि कुठे शब्द गिळला, हे त्याला कळणार नाही. 42 व्या घटनादुरुस्तीने अखिल भारतीय न्यायिक सेवेचा मार्ग 1976 मध्ये मोकळा केला, तरी ती सेवा आजवर अस्तित्वात आलेली नाही आणि तिच्यावरील आक्षेपांत भाषेचा आक्षेप नेहमी पुढे असतो. कलम 247 खाली संसदेला आपल्या कायद्यांसाठी जादा न्यायालये स्थापता येतात. पण त्या कलमाखाली जिल्ह्याजिल्ह्यांत केंद्राची समांतर न्यायालये उभी राहिलेली नाहीत. या दोन्ही गोष्टींवर टिपणात एक परिच्छेद हवा.

आता दुरुस्तीचे काम. शेवटची ओळ काढून तेथे स्वतंत्र प्रकरण घाल. पुरावा पूर्ण झालेले दावे जुन्याच न्यायाधीशाने निकाली काढावेत, बाकीचे ज्या टप्प्यावर असतील त्या टप्प्यापासून पुढे चालवावेत, जुने हुकूमनामे नव्या न्यायालयाचेच आहेत असे समजून बजावावेत, आणि मूळ कागद व नोंदवह्या कोणाच्या ताब्यात राहतील ते नावानिशी सांगावे. घटकराज्याच्या संमतीची अट घातलीस तर तुझी बाजू कमकुवत होईल अशी भीती बाळगू नकोस. उलट तीच तुझी ढाल ठरेल. आणि एक प्रश्न परीक्षकांपैकी कोणी तरी विचारील, त्याची तयारी ठेव: जुने न्यायालय बंद होऊन नवे उघडेपर्यंतच्या दिवसांत ज्याची दाव्याची मुदत संपते, त्याने कोठे जावे? आपल्या मुदत कायद्याचे कलम 4 न्यायालय बंद असेल तर ते उघडेल त्या दिवशी दावा दाखल करू देते, परंतु ते कायमचे रद्द झालेल्या न्यायालयाला जसेच्या तसे लागू पडणार नाही. तेव्हा तेवढे उपकलम तुलाच स्वतःच्या शब्दांत लिहावे लागेल. ते लिहून झाले की पुढचा मसुदा पाठव.

तुझा शुभचिंतक