छापील अंकातला मजकूर तसाच वेबसाइटवर टाकला तर काय बिघडतं?

"मजकूर तोच, फक्त कागद गेला, मग लिहिण्यात आणि मांडणीत वेगळं काय करायचं?" असं तुम्ही विचारलंय. हेच वाक्य मी इंदूरला, रामबागेतल्या एका मंडळाच्या बैठकीत ऐकलं होतं. म्हणून लिहिते.

मी वीस वर्षं छापखान्यात पानं लावली. त्या मंडळाची स्मरणिकाही मीच लावली. त्यात एका काकांचा हुकमचंद मिलच्या झांकीवर, म्हणजे मिरवणुकीतल्या रोषणाईच्या देखाव्यावर, लेख होता. मिल १९९१ला बंद पडली, पण अनंत चतुर्दशीची ती रात्र काकांनी अशी लिहिली होती की प्रूफ वाचताना माझे डोळे भरले. लेखाचं नाव 'उजेडाची रात्र'. डाव्या पानावर झगमगत्या झांकीचा पानभर फोटो, उजवीकडे लेख. फोटोमुळे ते नाव तिथे शोभत होतं.

पुढे अंक वेबसाइटवर चढवायचं ठरलं. मी म्हटलं, महिनाभर द्या, सगळं पुन्हा लावावं लागेल. सचिव म्हणाले, "ताई, कॉपी-पेस्टचं तर काम आहे."

अंक युनिकोडपूर्वीच्या, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणारी पद्धत येण्याआधीच्या, फॉन्टात होता. जुना मजकूर युनिकोडमध्ये बदलणाऱ्या कन्व्हर्टरमधून काढल्यावर पहिल्या वेलांट्या भलत्याच अक्षरांना चिकटल्या, 'दुसऱ्या'चं 'दुसर्या' झालं. ल आणि श हिंदी वळणाचे आले. युनिकोडमध्ये दोन्ही भाषांच्या ल-चा क्रमांक एकच, त्यामुळे मराठी वळण असलेला फॉन्ट निवडावा लागतो आणि बऱ्याचदा पानाची भाषा मराठी आहे हे कोडमध्ये सांगावंही लागतं. वेबसाइट करणारा मुलगा हिंदीच वाचणारा, त्याला ते कसं खुपणार? 'शेजारच्या पानावरचा फोटो पाहा' हे वाक्यही तसंच राहिलं. फोनवर शेजारचं पान कुठून येणार?

काका एकदा घरी आले. माझ्यासमोर त्यांनी फोनवर 'इंदूर मिल झांकी' शोधलं. लेख सापडला नाही. नावात ना इंदूर, ना मिल, ना झांकी. पहिला परिच्छेद सगळा पावसाचा. काही न बोलता त्यांनी फोन खिशात ठेवला आणि चहा न घेताच गेले.

माझं मत स्पष्ट आहे. कागदावर पानाचा आकार मी ठरवते, वेबवर वाचणाऱ्याचा फोन ठरवतो. कागदावरचा वाचक मुखपृष्ठ, अनुक्रमणिका बघत आत येतो. वेबवर तो थेट मधल्याच लेखात उतरतो. म्हणून नावातच गाव आणि विषय हवा, मुद्दा पहिल्या दोन वाक्यांत हवा, परिच्छेद आखूड हवेत. फोटो सीएमवायकेतून (छपाईची रंगपद्धत) आरजीबीत (पडद्याची रंगपद्धत) आणा आणि हलके करा, छपाईच्या ३०० डीपीआयच्या (इंचाला ३०० ठिपके) जड फायली फोनला पेलत नाहीत. बाकी फॉन्टचा आकार, समास वगैरे तुम्ही करता करता शिकाल.

कवितेला मात्र यातलं फारसं लागू नाही, तिच्या ओळी कवीने तोडल्या तिथेच तुटल्या पाहिजेत. मूळ अंकाची पीडीएफही जपून ठेवाच. आणि लेखकाला विचारल्याशिवाय नाव बदलू नका.

मी विचारलं होतं. "लेखकाचा शब्द बदलायचा नसतो" असं सचिव बैठकीत म्हणाले, तेव्हा काकांनी स्वतःच्या हाताने लिहिलेलं नवं नाव माझ्या पर्समध्ये होतं: 'इंदूरच्या हुकमचंद मिलची झांकी: उजेडाची रात्र'. तो कागद अजून माझ्याकडे आहे. सचिव हे वाचत असतील तर त्यांनी एक फोन करावा, तो लेख मी आजही नव्याने लावून देईन.