ज्याचं दार त्याला

प्रश्न : मुलीकडे म्युनिकला गेले होते, तेव्हा आउग्सबुर्गची ‘फुगराय’ पाहिली. गरिबांसाठी बांधलेल्या पिवळ्या, एकसारख्या घरांच्या रांगा. ना नक्षी, ना कमानी. शिवाय १९४४च्या बॉम्बहल्ल्यात बराच भाग पडला आणि तो पुन्हा बांधला, असं कळलं. मग याला वारसा कसा म्हणायचा?
— एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, परत गेलात तर नक्षी शोधू नका, दारं बघा. प्रत्येक घर दुमजली, खाली एक बिऱ्हाड, वर एक. पण वरच्याचा जिना थेट रस्त्यावर, स्वतःच्या दाराशी उतरतो. मी उभी हयात चाळींच्या दुरुस्तीत घालवली. सामाईक जिना, सामाईक गॅलरी यांतली माया मला ठाऊक आहे, आणि तिथे काहीच झाकून राहत नाही हेही. याकोब फुगर हा युरोपातला बडा सावकार. धर्मादायच करायचा तर मोठं दालन बांधून खाटा टाकणं त्याला स्वस्तात पडलं असतं. १५२१मध्ये त्यानं गरिबाला स्वतंत्र दार दिलं. मला यातच सगळं आलं.

दाराशेजारच्या घंटेची मूठ हातात धरून पाहिलीत का? एकीसारखी दुसरी नाही. रस्त्यावर दिवे नसायचे, तेव्हा माणूस मूठ चाचपून आपलं दार ओळखायचा. मी धरली ती तिपानी होती, थंडगार. डोळे मिटूनही चुकलो नसतो.

आता पडझडीचं. हल्ल्यानंतर वसाहत जुन्याच आराखड्यावर उभी केली: तीच रांग, तीच दारं. आणि आत राहायला आउग्सबुर्गचे गरजू कॅथलिकच. वर्षाचं भाडं एक ऱ्हाइनिश गुल्डन (तेव्हाचं नाणं) होतं, आज त्याचे होतात ८८ युरो सेंट. शिवाय देणगीदारासाठी रोज तीन प्रार्थना. वीज-पाण्याचा खर्च ज्याचा त्याचा. दुरुस्तीचा पैसा मुख्यतः वसाहत चालवणाऱ्या फुगर संस्थेच्या जंगलांतून येतो. आपल्याकडे दगडी चौथरा जपतात आणि बिऱ्हाडं हलवतात, ते पाहून माझा जीव तुटतो. इथे भिंती नव्या झाल्या, बिऱ्हाडं राहिली. मी याला अस्सल वारसा म्हणतो.

संगीतकार मोझार्टचे पणजोबा फ्रान्झ १६८१पासून इथेच राहत होते. ते गवंडी होते.