दुपारी जीभ जड होते

प्रश्न : ताई, मिस्टरांना मल्टिपल स्क्लेरॉसिस आहे. चाटी गल्लीत आमचं चादरींचं दुकान. दुपारी त्यांची जीभ जड होते, गिऱ्हाइकासमोर हिशेब सुटतो. लोक म्हणतात, दिवसाढवळ्या प्यायलाय!
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : लोकांचं सोडा हो. या आजारात शरीराची प्रतिकारशक्तीच मज्जातंतूंवरच्या मायलिन नावाच्या आवरणावर हल्ला करते. संदेश रेंगाळतात, बोलणं तुटक होतं, शब्द आणि आकडे उशिरा सुचतात. अंगातली उष्णता अर्ध्या अंशाने वाढली तरी त्रास बळावतो. श्रमानंतर अशा रुग्णांची नजर तात्पुरती मंदावते, हे 1890 मध्येच उटहोफ या जर्मन डॉक्टरांनी नोंदवलंय; त्यामागे उष्णता आहे, हे पुढे कळलं. आणि तुमचा तर सोलापूरचा मे! सकाळचा गल्ला त्यांच्याकडे, दुपारचा तुमच्याकडे ठेवा. मानेवर ओला पंचा, हिशेब कागदावर. वाचा-उपचारतज्ज्ञ गाठाच. गार झाल्यावरही नवा त्रास 24 तास टिकला, तर थेट न्यूरॉलॉजिस्टकडे जा.