सीझनमध्ये शिफ्ट रोज बदलते, जॉब सोडू की पेपर?

तुझं पत्र वाचलं. सेकंड इयरला आहेस, वेअरहाऊसमध्ये आठवड्यातून तीन दिवस संध्याकाळी चार तास असं ठरलं होतं, आणि आता सीझन सुरू झाल्यापासून रात्री उशिरा मेसेज येतो की उद्या लवकर ये, कधी नाइटला ये, आणि इकडे सेमिस्टर तोंडावर आलीये. जॉब सोडू की पेपर सोडू असं विचारलंयस. मला विचारशील तर दोन्हीपैकी काहीच सोडायची वेळ अजून आलेली नाही, पण येईल त्या शिफ्टला मान डोलवत राहिलास तर पेपर नक्की हातचे जातील.

आधी हे असं का होतं ते बघ. ऑर्डर किती येतील याचा अंदाज काढून रोस्टर, म्हणजे कोण कधी येणार याचं वेळापत्रक, लावतात, पण ऑर्डर वाढल्या किंवा मालाची गाडी लेट झाली की सगळंच पुढे सरकतं, कारण गाडी खाली झाल्याशिवाय माल रॅकवर लागत नाही, रॅकवर लागल्याशिवाय पिकिंग (ऑर्डरप्रमाणे माल काढणं) नाही, पिकिंगशिवाय पॅकिंग नाही, आणि डिस्पॅचची कट-ऑफ, म्हणजे माल बाहेर पडायची शेवटची वेळ, मात्र तीच राहते. मग सुपरवायझर माणसं शोधायला लागतो आणि जो कधीच नाही म्हणत नाही त्याला पहिला फोन जातो. तुझ्या पत्रावरून तरी तो माणूस तूच आहेस.

सुपरवायझरचा तुझ्यावर राग आहे असं अजिबात समजू नकोस, त्याला फक्त पक्की माणसं हवी असतात. म्हणून पुढचं रोस्टर लागायच्या आधीच त्याला लेखी कळव, तोंडी नको, गर्दीत तोंडी बोललेलं कुणाच्या लक्षात राहत नाही. साधं लिही: "सर, माझे पेपर या तारखांना आहेत, टाइमटेबल जोडलंय. पेपरच्या दिवशी आणि आदल्या दिवशी मी येऊ शकणार नाही, नाइटही जमणार नाही. बाकी ठरलेल्या तीन दिवशी नक्की येईन, आणि शेवटचा पेपर झाला की जास्तीचे दोन दिवसही चालतील." कधी जमणार नाही याच्यासोबत कधी जमेल हेही लिहिलंस की त्याला प्लॅनिंग करता येतं. आणि एकदा हो म्हटलेल्या शिफ्टला दांडी मारू नकोस, नाहीतर पुढच्या वेळी तुझं कुणी ऐकणार नाही.

नाइटबद्दल मी ठाम आहे. रात्रभर स्कॅनर घेऊन चालायचं आणि सकाळी पेपरला बसायचं, यात पेपर तर बिघडतोच पण झोपेच्या गुंगीत वजन उचलताना किंवा फोर्कलिफ्टच्या आसपास फिरताना अपघातही होतो. ओव्हरटाइमचे पैसे कितीही दिसोत, नाइट घेऊ नकोस.

जॉइन करताना सही केलेला कागद काढून नीट वाच, तास किती लिहिलेत, बदल किती आधी कळवायचा, जास्तीची शिफ्ट ऐच्छिक आहे की सक्तीची. नियम प्रत्येक देशाचे वेगळे असतात, पण पार्टटाइमवाल्याला सुरक्षिततेच्या बाबतीत, आणि भेदभाव होऊ नये म्हणून, फुलटाइमवाल्याइतकंच संरक्षण मिळावं असं आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या 1994 च्या करारात, क्रमांक 175, लिहिलेलं आहे, ज्या देशांनी तो मान्य केलाय त्यांच्यावर तो बंधनकारक आहे. मेसेजचे स्क्रीनशॉट आणि केलेल्या तासांची नोंद स्वतःकडे ठेव, पगारात फरक पडला तर तेच कामाला येतं. सुपरवायझरने ऐकलंच नाही तर एचआरला तोच मेसेज पाठव, आणि तिथेही पेपरच्या दिवशीच ये म्हणाले तर मग खुशाल सोड, असं काम पुन्हा मिळू शकतं, गेलेलं सेमिस्टर परत द्यायला वर्ष जातं.

हे काम रेझ्युमेत लिहू का असंही विचारलंयस. नक्की लिही, पण नुसतं "वेअरहाऊस हेल्पर" नको, पिकिंग केलं, रिटर्न आलेला माल तपासला, स्टॉक मोजला, कुठली सिस्टीम वापरली ते लिही. सप्लाय चेनच्या इंटरव्ह्यूला गाडी लेट झाल्यावर फ्लोअरवर काय काय होतं हे तुला स्वतः पाहिलेलं सांगता येईल, आणि फ्रेशरकडून ते फार कमी वेळा ऐकायला मिळतं.