कोर्सची फी राहू द्या, आधी सर्टिफिकेट काढा

पत्राचा गोषवारा: मी ५७ वर्षांचा, नाशिकला अंबडमधल्या कारखान्यात नोकरी, वर्षाला १४ लाख, पुढच्या वर्षी रिटायर. पत्नी १९९६ पासून जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, तिची चार वर्षं राहिली. मुलगी लग्न होऊन पुण्यात. मुलगा २५ वर्षांचा, बी.कॉम.; सहाव्या वर्षी ऑटिझमचं निदान झालं. एक्सेल उत्तम येतं, मुलाखतीत गडबडतो. एका गोडाऊनमध्ये १४ हजारांवर डेटा एंट्रीची नोकरी लागली होती, ती तीन महिन्यांत सुटली. आता एक ऑनलाइन कोर्स सापडलाय. ऑटिझम असलेल्या प्रौढांना ऑफिसात कसं बोलायचं ते सहा महिन्यांत शिकवतात. ‘समोरच्याला कळणारही नाही’ असं म्हणतात. फी १ लाख ६० हजार अधिक जीएसटी, बारा महिन्यांचा नो-कॉस्ट ईएमआय. कोर्स झाला की ३० हजारांची नोकरी लागेल आणि आमची काळजी मिटेल. ईएमआय घ्यावा की एफडी मोडावी?

सोबतचा तपशील: पीएफ ३१ लाख, एफडी २२ लाख, राहतं घर, मुलाच्या नावावर ३८ लाखांचा वन बीएचके (भाडं ९ हजार), मुलाच्या आयुष्यावर एक पॉलिसी, आजारपणासाठी कंपनीचा मेडिक्लेम. दिव्यांगत्वाचं सर्टिफिकेट काढलेलं नाही, ‘कारण उद्या लग्नाचं बघायचं आहे’.

ईएमआय नको आणि एफडीही मोडू नका. तुमचा प्रश्न आधी निकालात काढतो, कारण या पत्रातला तो सगळ्यात स्वस्त प्रश्न आहे.

जीएसटी धरून फी होते १ लाख ८९ हजार, म्हणजे महिना पावणेसोळा हजार. नो-कॉस्ट ईएमआय हे तुमच्या नावावरचं कर्जच असतं. व्याज बहुतेक वेळा फीमध्येच मुरवलेलं असतं; रोख भरतो, किती कमी कराल, एवढं विचारून बघा. शिवाय कर्ज देणारी कंपनी वेगळी, शिकवणारी वेगळी. मुलगा दुसऱ्या महिन्यात कंटाळला तरी बारावा हप्ता तुमच्या खात्यातून जाणारच.

बोलण्याचा सराव वाया जातो असं मी म्हणत नाही. अमेरिकेत मॅथ्यू स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये ऑटिझम असलेल्या तरुणांना संगणकावरच्या आभासी मुलाखतकाराशी पुन्हा पुन्हा बोलायला लावलं, आणि त्यांच्या मुलाखती सुधारल्या. गट जेमतेम सव्वीस जणांचा होता. शिवाय तिथे सुधारली ती मुलाखत. तुमच्या मुलाला एकदा नोकरी लागली होती. ती टिकली नाही.

का टिकली नाही, हे तुम्हीच लिहिलंय. सुपरवायझर म्हणाला, ‘जमलं तर आज एवढं स्टॉकचं बघून टाक.’ साडेपाच वाजले, जमलं नव्हतं, मुलगा बॅग उचलून घरी आला. दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर त्याची हजेरी घेतली गेली. तुम्ही ही मुलाची चूक धरून चाललात. मला ती निम्मी तरी सुपरवायझरची दिसते. डेमियन मिल्टन या ब्रिटिश अभ्यासकाने, जे स्वतः ऑटिस्टिक आहेत, २०१२ मध्ये हेच मांडलं होतं की गैरसमज दोन्ही बाजूंनी होतो. ‘स्टॉकची यादी सहापर्यंत मेलवर हवी’ असं लिहून द्यायला कुणाला फी पडत नाही. मात्र ते मागायचं तर ऑटिझम आहे हे आधी सांगावं लागतं. आणि तुम्ही नेमकं तेच कळू नये म्हणून १ लाख ८९ हजार मोजायला निघालात!

३० हजारांचा आकडा कुठून आला, हे पत्रात नाही. जाहिरातीतूनच आला असणार. ‘प्लेसमेंट असिस्टन्स’ म्हणजे नोकरी नव्हे. चार ठिकाणी बायोडेटा पाठवला की त्यांचा शब्द पाळून झाला. समोर जिवंत माणूस, पाच-सहा जणांचा गट, आठवड्याला तास-दोन तास, फी महिन्याची महिन्याला आणि एकूण ५० हजारांच्या आत असं काही मिळालं तर पगारातून भरा. रेकॉर्ड केलेल्या व्हिडिओंना एक रुपया देऊ नका. आणि मुलाला विचारा. चार पानी पत्रात त्याला हा कोर्स करायचा आहे का, यावर एक ओळ नाही.

आता न विचारलेलं.

तुमच्या घरात मुलाचा ऑटिझम एकाही कागदावर नाही आणि पैशाचे बरेचसे कागद मात्र त्याच्या नावावर आहेत. नेमकं उलट हवं होतं.

सर्टिफिकेटपासून सुरुवात करू. ऑटिझम असलेल्या, आपल्यावर अवलंबून असलेल्या मुलासाठी जुन्या करप्रणालीत वर्षाला ७५ हजारांची सरसकट वजावट मिळते. ८०डीडी म्हणून ती सगळ्यांना माहीत आहे. पावत्या लागत नाहीत, सरकारी डॉक्टरांचा दाखला लागतो. २० टक्क्यांचा दर धरला तरी वर्षाला १५ हजार वाचले असते. दहा वर्षांचे दीड लाख. ज्या फीसाठी एफडी मोडायला निघालात, तिचा मोठा भाग तुम्ही दाखला न काढून आधीच सरकारजमा केलात.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात जे २१ प्रकार आहेत, त्यात ऑटिझम आहे. सरकारी नोकऱ्यांतल्या चार टक्के आरक्षणापैकी एक टक्का ऑटिझम, बौद्धिक दिव्यांगत्व, मानसिक आजार वगैरे गटांसाठी आहे. एक्सेल येणाऱ्या बी.कॉम. मुलाने त्यासाठी अर्ज का करू नये? मुंबईत केंद्रीय श्रम मंत्रालयाचं दिव्यांगांसाठीचं करिअर सेवा केंद्र आहे, तिथेही नाव नोंदवा. केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टच्या ‘निरामय’ योजनेत वर्षाला काहीशे रुपयांत एक लाखापर्यंतचा आरोग्य विमा मिळतो, थेरपीच्या खर्चासकट. या सगळ्याला ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्वाचं सर्टिफिकेट किंवा यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, लागतं. सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करायचा, जिल्हा रुग्णालयात तपासणी होते, ‘आयसा’ या मापनपट्टीवर टक्केवारी ठरते. दोन-चार हेलपाटे पडतील, पडू द्या.

राहिलं लग्न. सर्टिफिकेट काही दारावर लावायचं नसतं. पण मुलीकडच्यांपासून ऑटिझम लपवून लग्न करणार असाल तर त्याचा खर्चही सांगतो. महत्त्वाची गोष्ट लपवून मिळवलेली संमती हे हिंदू विवाह कायद्यात लग्न रद्द करायचं कारण आहे. मग वकील, तारखा, लग्नाचा झालेला खर्च आणि दोन पोरांच्या आयुष्याची फरफट. असल्या खर्चाची तरतूद मी कुणाला करून देत नाही.

पत्रातली सगळ्यात मोठी रक्कम तर पत्रात नाहीच. ती वहिनींची पेन्शन आहे. त्या १९९६ ला लागलेल्या, म्हणजे नोव्हेंबर २००५ च्या आधीच्या. त्याआधी लागलेल्यांना जुनी पेन्शन लागू. त्यांच्या पश्चात कुटुंबनिवृत्तिवेतन आधी तुम्हाला, आणि तुमच्यानंतर, दिव्यांगत्वामुळे स्वतःची उपजीविका करू न शकणाऱ्या मुलाला तहहयात मिळू शकतं. शेवटचं मूळ वेतन ७६ हजार धरलं तर त्याचे ३० टक्के म्हणजे सुमारे २३ हजार, वर महागाई भत्ता. आजच्या हिशेबाने ३० हजारांच्या पुढे. हे महागाईबरोबर वाढणारं उत्पन्न आहे. तसं स्वतःच्या पैशातून उभं करायचं तर कोटभर रुपये बाजूला काढावे लागतील, आणि ते तुमच्याकडे नाहीत. मुलगा कमावता झाला तर ही पेन्शन मिळेलच असं धरू नका, आणि तिच्यासाठी त्याला घरीही बसवू नका. पण सेवापुस्तकात मुलाच्या दिव्यांगत्वाची नोंदच नसेल तर उद्या तो मागणार तरी कशाच्या जोरावर? वहिनी नोकरीत आहेत तोवर कुटुंबाच्या तपशिलात ती नोंद करून घ्या आणि मुलाच्या किती उत्पन्नापर्यंत पेन्शन चालते, ते शिक्षण विभागाकडून लेखी घ्या.

त्या उत्पन्नात फ्लॅटचं भाडंही मोजलं जाऊ शकतं. फ्लॅट त्याच्या नावावर का, तर ‘सीएने सांगितलं, कर वाचेल.’ वाचला की, वर्षाला वीस-बावीस हजार. त्यासाठी ३८ लाखांची मालमत्ता अशा मुलाच्या एकट्याच्या सहीवर ठेवलीत, ज्याने गेल्या दिवाळीत फोनवरच्या माणसाला ओटीपी सांगून १८ हजार घालवले. ‘तो भाग सोडा’ असं तुम्ही लिहिलंय. मी सोडणार नाही. समोरचा आवाज चढवून बोलतोय आणि आपण फोन ठेवायचा, हे त्याला कोणी शिकवलेलं नाही. कोर्स निवडताना यात ते शिकवता का, हे आधी विचारा. उद्या तुम्ही नसताना त्याच आवाजातला एखादा एजंट साठेखताचा कागद पुढे सरकवेल. मुलगा सज्ञान आहे, त्याची सही कायद्याने चालते.

फ्लॅट परत तुमच्या नावावर घ्यायचा तर मुद्रांक शुल्क पडेल, त्यामुळे मुलाशी आणि वकिलाशी बोलून ठरवा. यापुढे मात्र त्याच्या नावावर काहीही घेऊ नका. तुम्ही दोघं मृत्युपत्रं करा आणि त्यात मुलाच्या हितासाठी खासगी ट्रस्ट ठेवा. मुलगी आणि आणखी एक भरवशाचं माणूस विश्वस्त, मुलगा लाभार्थी, खर्चाला दरमहा ठरावीक रक्कम. नॉमिनी म्हणून सगळीकडे मुलाचं नाव घातलं म्हणजे झालं, असं नाही. नॉमिनी हा बहुतेक ठिकाणी नुसता पैसे ताब्यात घेणारा, त्याने पुढची व्यवस्था लागत नाही. ‘ताई बघेलच’ हेही ताईला विचारून लिहा. तिचाही संसार आहे. मुलाला कायदेशीर पालक नेमून घ्यायच्या अर्जाची घाई नको. पदवीधर, बोलत्या मुलाचे सगळे निर्णय काढून घ्यायची गरज मला दिसत नाही.

पॉलिसी. १ लाख २० हजारांचा हप्ता दहा वर्षं, पंधराव्या वर्षी २० लाख: पाच टक्क्यांच्या आसपास परतावा. पोस्टात याहून बरं मिळतं. विमा मुलाच्या आयुष्यावर, म्हणजे मुलगा गेला तर तुम्हाला १२ लाख आणि तुम्ही गेलात तर मुलाच्या गळ्यात पुढचे हप्ते. एजंटने याला ‘स्पेशल चाइल्डचं भविष्य सुरक्षित’ म्हणून विकलं, याचा मला अजून राग येतोय. चार हप्ते भरलेत, सहा बाकी, ७ लाख २० हजार. पाचवा भरू नका.

आणि मेडिक्लेम. कंपनीच्या पॉलिसीत मूल बहुधा २५ पर्यंतच धरतात. एचआरला आजच विचारा, मुलगा आत आहे की बाहेर. पुढच्या वर्षी तर तुम्हीही बाहेर. तिघांची स्वतंत्र पॉलिसी रिटायर व्हायच्या आधी घ्या, ऑटिझमचा उल्लेख अर्जात स्पष्ट करून. कंपनी नाही म्हणाली तर नकार लेखी मागा. दिव्यांगांसाठी पॉलिसी काढायला विमा प्राधिकरणाने २०२३ मध्ये आरोग्य विमा कंपन्यांना सांगितलेलं आहे. मुलाच्या आयुष्यावरच्या पॉलिसीतून वाचलेला हप्ता इथे लावा, वर बरेच उरतील.

त्या पॉलिसीची सरेंडर व्हॅल्यू (आत्ता मोडली तर मिळणारी रक्कम) आणि पेड-अप किंमत (हप्ते थांबवून तशीच ठेवली तर शेवटी मिळणारी), दोन्ही आकडे विमा कंपनीकडून लेखी मागवा. एजंटकडून नको. आले की पाठवा, मग काय करायचं ते सांगतो.